चौथा गठ्ठा

१

शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं, तेव्हा आत तीनच गठ्ठे होते.

पडताळणीच्या बाईंनी ते पुन्हा मोजले. तीन मोजायला असा कितीसा वेळ लागतो? पण दोनदा मोजल्याशिवाय बाईंचा स्वतःच्या हाताच्या पाच बोटांवरही विश्वास बसत नसे. पहिला होता, दुसरा होता, तिसरा होता. चौथ्याच्या जागी फळीवर त्याची सुतळी तेवढी पडली होती, चार बोटांवर गुंडाळलेली, टोक नीट आत खोचलेलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली साहेबांच्या खोलीबाहेरच्या खिळ्यावर असायची आणि ती केंद्रातल्या कुणालाही घेता यायची.

शहराच्या या टीव्ही केंद्रात बाई वीस वर्षं एकच काम करत होत्या. सर्वेक्षणाच्या बायका घरोघर जाऊन प्रश्न विचारून आल्या की मागाहून बाई निघायच्या आणि दर दहाव्या घराचं दार वाजवून विचारायच्या, "आमचं माणूस खरंच आलं होतं का हो?" त्यामुळे केंद्रात त्यांचं टोपणनावच पडलं होतं, 'दहावं घर'.

यावेळी प्रश्न नाजूक होता. संध्याकाळी साडेसहाला 'सांजकथा' लागे. त्यात एक वयस्क बुवा अर्धा तास गातगात प्रवचन करत. एक ओळ गायची, ती सोडून द्यायची, गोष्टीत शिरायचं, माणसाला हसवायचं, रडवायचं, आणि गोष्ट संपता संपता तीच ओळ अशी परत आणायची, की वाटावं, ती इतका वेळ दारातच उभी होती. हा कार्यक्रम बंद करून तिथं गप्पांचा एक खेळ सुरू करावा, असं कार्यक्रमांच्या नियोजकाचं म्हणणं. "मूठभर म्हातारी माणसं सोडली तर सांजकथा कुणीही बघत नाही," तो म्हणे.

"तुम्हाला वाटतं," बाई म्हणाल्या होत्या. "वाटतं आणि असतं यांच्यात चारशे घरांचं अंतर आहे."

म्हणून चारशे घरं. चौघीजणी, प्रत्येकीची शंभर. गुरुवारी संध्याकाळी गोषवारा तयार झाला. सांजकथा बघणारी घरं पहिल्या शंभरात तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. आणि चौथ्या शंभरात एक्केचाळीस.

चौथा गठ्ठा आणणारी, चौघींतली धाकटी, बुवांची सख्खी भाची होती.

"कागद गायब!" नियोजकाच्या आवाजात राग होता आणि विजयही. "घरी बसून भरले होते, पकडली जाणार म्हणून उचलले. साहेब, आता आणखी काय पुरावा हवा?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "सोमवारी बारा वाजता मी दोन कागदांवर सही करणार. एक सांजकथा बंद करण्याचा. दुसरा तिला कामावरून काढण्याचा, 'बनावट नोंदी' असा शेरा मारून. बाई, तोवर काही हाती लागलं तर बघा."

तो शेरा एकदा बसला की त्या मुलीला शहरात कुणी दारातही उभं करणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फळीवरची सुतळी उचलून पिशवीत टाकली.

२

आता एक गोष्ट बाईंनी स्वतःशी कबूल केली, आणि ती करायला धैर्य लागतं. त्यांना बुवा आवडायचे. लहानपणापासून. म्हणजे धाकटीचे आकडे खरे निघावेत अशी इच्छा त्यांच्या मनात आधीच पाट मांडून बसली होती.

'देवा,' त्या मनात म्हणाल्या, 'मला जे हवंय ते दाखवू नकोस. जे आहे ते दाखव.' आणि कामाला लागल्या.

नियोजकाला सगळे मागून 'घड्याळ' म्हणत, कारण तो बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघे.

"गुरुवारी गोषवारा बघून तुम्ही काय केलंत?"

"ओरडलो. चौथा गठ्ठा उद्या सकाळी सगळ्यांसमोर सोडा म्हटलं. एकेका कागदाची साक्ष काढू. खोटं अक्षर मी लांबून ओळखतो."

"प्रश्न कुणी लिहिले होते?"

"मीच. पंधरा मिनिटांत." त्याने घड्याळ पाहिलं. "बोलल्यासारखे लिहून काढले आणि दिले छपाईला. का?"

"काही नाही. मी सगळंच विचारते."

धाकटी जिन्याखाली उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"बाई, दहावं घर राहू दे. तुम्ही शंभरच्या शंभर घरं फिरा."

"मामाचं नाव आलं की हात जरा सैल सुटला, असं तर नाही ना झालं? मला सांग. मी मावशीसारखी आहे."

"मामाचं तोंड मी वर्षभर बघितलेलं नाही. आजोबांच्या घरावरून भांडण आहे आमचं." ती कडवट हसली. "त्यांचा कार्यक्रम बंद पडला तर माझी आई पेढे... जाऊ दे. मी छापलेलं वाचलं आणि माणसांनी सांगितलं ते लिहिलं. शनिवारीच गठ्ठा घेऊन गेले होते मी. माझा भाग सगळ्यात लांब, म्हणून. शाई ओली होती, हाताला लागत होती. बाकीच्या तिघींनी सोमवारी नेले. त्यांच्या दोन दिवस आधीपासून मी उन्हात फिरतेय, आणि हे माझं बक्षीस!"

"रडू नकोस. रडलेल्या माणसाला लोक आधीच दोषी धरतात."

"रडत नाहीये. रागावलेय."

"मग ठीक. राग सोमवारी बारापर्यंत सांभाळून ठेव."

३

छपाईची खोली तळघरात होती. तिथं प्रूफं तपासणारे काका बसत. सगळं केंद्र त्यांना 'कानामात्रा' म्हणे. हिरव्या शाईचं पेन घेऊन ते दिसेल ते शुद्ध करत. फलकावर कुणी 'जाताना टीव्ही लावून ठेवू नये' असं लिहिलं होतं, त्यातलं 'लावून' खोडून दुसऱ्याच दिवशी हिरव्या शाईत 'सुरू' आलं होतं. महिन्याअखेर काका निवृत्त होणार होते. त्यांच्या निरोपाचं कार्ड छापून टेबलावरच पडलं होतं. मधोमध ठळक ओळ होती, 'चाळीस वर्षांत एकही चूक नाही.'

"यात काही चुकलंय का, काका?" बाईंनी हसून विचारलं.

काका हसले नाहीत. "कार्ड साहेबांनी पाठवलंय. अजून तपासलं नाही."

काका आणि समोर आलेला कागद तपासलेला नाही? बाईंनी भुवई उचलली.

"गठ्ठ्याचं कळलं ना?"

"कळलं. वाईट झालं. पण एका गठ्ठ्यानं काय होतंय? चारही सारखेच. एकच प्रश्नावली. छापली एकदा, वाटली चौघींना. सगळे कागद सारखेच."

"हो ना. सारखेच असणार."

"सारखेच."

टेबलावर लोखंडी खिळ्यात टोचलेल्या प्रूफांची चळत होती. अगदी खाली, नऊ वर्षांपूर्वीच्या चहाच्या वेळा बदलल्याच्या सूचनेचंही प्रूफ होतं, कारण काका काहीच टाकत नसत. बाईंनी वरचे काही कागद चाळले.

"या प्रश्नावलीचं प्रूफ दिसत नाही."

"नसेल. टाकलं असेल." काकांनी चष्मा काढून पुसला. "छपाई शनिवारी झाली. शनिवारी मी नसतो. घरच्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागतं."

"कसं आहे आता?"

"आहे तसंच. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच."

बाई पायऱ्या चढून वर आल्या. चहाच्या सूचनेचं प्रूफ नऊ वर्षं जपणारा माणूस मागल्या आठवड्यातलं प्रूफ टाकतो? का?

४

शनिवारी बाई चौथ्या शंभरातल्या घरांना निघाल्या. गठ्ठा गेला, तरी पत्त्यांची यादी त्यांच्याच पिशवीत होती. यादी पत्त्यांची असे, नावांची नसे. कुणाचं घर, कोण राहतं, हे बाईंनाही दार उघडल्यावरच कळे.

लोकांना वाटतं, चारशे घरं विचारून चार लाखांचं काय कळणार? अहो, शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. अट एवढीच, की आधी भात ढवळून घ्यायचा, वरवरचं मऊ शीत उचलायचं नाही.

दहावं घर. "हो, आली होती की. उन्हानं लाल झाली होती बिचारी. पाणी दिलं मी."

विसावं घर. "आली होती. आमच्या कुत्र्यानं तिची चप्पल पळवली."

तिसावं घर एका गॅरेजच्या वर होतं. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि पायांनीच उत्तर दिलं. "सांजकथा? रोज. हात ग्रीसनं भरलेले असतात, बाई, बटण दाबायलाही नाक वापरतो. पण साडेसहाला लावतोच."

"वय काय तुमचं?"

"सव्वीस. का? वय लागतं का त्याला?"

साठाव्या घरातल्या आजोबांनी तर प्रश्नसुद्धा म्हणून दाखवला. "साडेसहाला काय लावता, असं विचारलं तिनं. मी म्हटलं, आमच्याकडं साडेसहाला दुसरं काय लागणार?"

दहापैकी दहा घरांनी साक्ष दिली. धाकटी आली होती, तिनं विचारलं होतं, आणि जे सांगितलं तेच लिहिलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पण मग बाई वाटेतच थांबल्या. चौथा गठ्ठा खरा, तर बाकीचे तीन खोटे का? त्या तिघींना त्या पंधरा वर्षं ओळखत होत्या. एकही खोटं लिहिणारी नव्हती.

एकाच शहरात एका भागात एक्केचाळीस घरं आणि शेजारच्या भागात दोन! दोन्ही आकडे खरे. हे कसं शक्य होतं?

साडेसहा वाजत आले होते. बाईंनी यादी उलटली आणि दुसऱ्या गठ्ठ्यातल्या पहिल्याच दहाव्या घराकडे पावलं वळवली.

५

जिन्यातच झांजांचा आवाज आला. मागोमाग बुवांचा. दार उघडंच होतं. आत एक बाई शिवणयंत्रावर वाकली होती, टीव्हीकडे पाठ करून.

"या घराची नोंद माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही आमच्या मुलीला सांगितलंत, सांजकथा बघत नाही."

"नाहीच बघत! बघायला वेळ कुठंय? हे बघा, सहा गणवेश उद्या द्यायचेत."

"आणि मग हे काय चालू आहे?"

शिवणाऱ्या बाईनं मान वळवून टीव्हीकडे पाहिलं, जणू तो तिथं आहे हे आत्ताच कळलं.

"हे होय! हे लावलेलं असतं. रोजच. हे काय बघायचंय, बाई? हे ऐकायचं असतं. बुवांचं तोंड बघून माझी शिवण सरळ येणारेय का?"

बाई खुर्चीत बसल्या. "मला एक घोट पाणी द्या."

पाणी प्यायल्या आणि पिशवीतून उरलेला कोरा प्रश्नावलीचा कागद काढला. सातवा प्रश्न. त्यांनी तो आजवर वाचला होता, पण वाचल्यासारखा वाचला नव्हता.

'संध्याकाळी साडेसहा वाजता आपण कोणता कार्यक्रम बघता?'

बघता.

साठाव्या घरातले आजोबा काय म्हणाले होते? काय *लावता*, असं विचारलं तिनं.

त्यांनी तिथूनच धाकटीला फोन लावला. "सातवा प्रश्न तू कसा विचारलास? शब्द न शब्द सांग. तुझ्या मनचं एक अक्षर घालू नकोस."

"छापलेला होता तसाच. 'संध्याकाळी साडेसहा वाजता आपण कोणता कार्यक्रम लावता?' का हो बाई?"

"लावता? बघता नाही?"

"लावता. शंभर वेळा वाचलाय, झोपेतही म्हणेन."

बाईंनी फोन ठेवला. मागे बुवा ती सोडलेली ओळ परत गात होते. चोराला उत्तरं लपवायचीच नव्हती. उत्तरं गोषवाऱ्यात आधीच उतरली होती. त्याला प्रश्न लपवायचा होता.

६

रविवारी सकाळी आठ वाजता बाई घड्याळाच्या दारात.

"आज सुट्टी आहे!" तो ओरडला.

"म्हणूनच तुम्ही मोकळे आहात. चला. पहिल्या तीन गठ्ठ्यांच्या यादीतलं दर सातवं घर. प्रश्न तुम्ही विचारायचा. मी तोंड उघडणार नाही."

"मीच का?"

"कारण सांजकथा मला आवडते. मी विचारलं तर माझ्या आवाजात उत्तर असेल. तुम्हाला ती आवडत नाही. तुमच्या तोंडून हो आलं, तर ते हो खरं."

तो चपला घालून निघाला. नियम साधा होता. एका घरी विचारायचं 'काय बघता', पुढच्या घरी 'काय लावता'. आलटूनपालटून, मध्ये एक शब्द जास्त नाही.

"बघता काय, लावता काय, एकच की!" घड्याळ कुरकुरला. "उगाच शब्दाचा कीस."

"मग घाबरता कशाला? एकच असेल तर आकडे एकच येतील."

दुपारपर्यंत तो घड्याळ बघायचं विसरला होता. एका दवाखान्यातल्या नर्सनं त्याला झापलं, "सांजकथा म्हणजे काय सिनेमा आहे होय बघायला?" एका वडापच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, की घरी त्याचा मुलगा अभ्यासाला बसताना ती लावतो, "शांत वाटतं म्हणतो". बेचाळीस घरांपैकी दोनांना कुलूप होतं. एकोणचाळीस घरं झाली तेव्हा साडेसहाला थोडा अवकाश होता. 'बघता' म्हणून विचारलेली वीस घरं, त्यात सांजकथा एका घरी. 'लावता' म्हणून विचारलेली एकोणीस, त्यात सात.

"एक आणि सात," घड्याळ पुटपुटला. "माणसं तीच. शहर तेच."

"आणि कागदावर तुम्ही काय लिहिलं होतं? आठवतंय?"

"नाही हो. बोलतो तसं लिहिलं." तो थबकला. "मी तर लावताच म्हणतो. आई नेहमी म्हणते, 'लाव रे जरा.'"

"म्हणजे बरोबर प्रश्न तुम्हीच लिहिला होतात. कुणीतरी तो सुधारला."

चाळिसावं घर तिसऱ्या गठ्ठ्यातलं. तळमजला, दारात तुळतुळीत पुसलेली पायरी. दार एका वयस्क बाईंनी उघडलं, भिंतीला हात लावत. त्यांची नजर दोघांच्या मधून कुठेतरी पलीकडे गेली. त्यांना दिसत नव्हतं.

घड्याळानं घसा साफ केला. "काकू, संध्याकाळी साडेसहाला तुम्ही कोणता कार्यक्रम लावता?"

"आता बरं विचारलंत!" काकूंचा चेहरा फुलला. "सांजकथा. तेवढाच माझा सोबती. मागं तुमची मुलगी आली ती म्हणाली, काय *बघता*? मी म्हटलं, अगं पोरी, मला दिसतंय कुठं बघायला? काही नाही बघत, लिही. ती बिचारी खजील झाली. आमच्या ह्यांनी तर तिच्या हातातला कागद घेतला, आणि वाचता वाचता गप्पच झाले. जेवण अर्धं टाकून उठले त्या दिवशी. काय होतं हो त्या कागदात?"

"ते कुठं गेलेत?" बाईंनी हळूच विचारलं.

"औषध आणायला."

घड्याळ मनगटाकडे बघत होता, त्यामुळे त्याला दिसलं नाही. बाईंना दिसलं. भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत एका महिन्याच्या नावाची वेलांटी चुकीची छापली होती. ती हिरव्या शाईनं दुरुस्त केलेली होती. खाली स्टुलावर औषधाच्या पुड्यांच्या सुतळ्या होत्या, चार बोटांवर गुंडाळलेल्या, टोकं नीट आत खोचलेली.

७

सोमवारी सकाळी नऊ वाजता बाई तळघरात उतरल्या. एकट्याच. पिशवीतून सुतळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"काका, मी बारा वाजता वर जाणार आहे. त्याआधी तुमच्याकडे आले. का, ते सांगायला नको."

"शनिवारी पहिले शंभर कागद छापून झाले होते," काका म्हणाले. आवाज कोरडा. "सोमवारी आलो, प्रूफ बघितलं. 'कार्यक्रम लावता.' मला हसू आलं. झाड लावतात, दिवा लावतात. कार्यक्रम बघतात. मी शब्द सुधारला आणि उरलेले तीनशे छापले. ते शंभर कुणी आधीच नेलेत, हे मला ठाऊकच नव्हतं."

"आणि मग ती मुलगी तुमच्याच घरी आली."

"माझाच शब्द घेऊन आली. हिनं सांगितलं, बघत नाही. त्या पोरीनं लिहिलं, 'काही नाही'. बाई, रोज साडेसहाला मी स्वतः ते बटण दाबतो हिच्यासाठी. आणि माझ्याच घरापुढे शून्य! तेव्हा कळलं, असं किती घरी झालं असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तेवढ्यात हे आलं." त्यांनी निरोपाच्या कार्डावर बोट ठेवलं. "गुरुवारी घड्याळ ओरडायला लागला, उद्या सगळ्यांसमोर गठ्ठा सोडा. मी किल्ली घेतली. म्हटलं, बघू तरी. वरच्याच कागदावर 'लावता'. दुसऱ्या दिवशी दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून सगळे विचारणार, बदल कुणी केला? चाळीस वर्षं, बाई."

"आणि काकूंची संध्याकाळ? आणि त्या पोरीची नोकरी?"

काकांनी वाकून टेबलाखालचं जाड शब्दकोशाचं खोकं ओढलं. शब्दकोशांच्या तळाशी शंभर कागद होते, कडेला कड लावून, आणि त्यांच्यावर हिरव्या खुणेचं ते प्रूफ.

"फाडायचे होते," ते म्हणाले. "तीन रात्री हातात घेऊन बसलो. छापलेला कागद मला फाडता येईना."

"देवानंच फाडू दिला नाही म्हणा. काका, दार लावतो म्हणजे बंद करतो, आणि दिवा लावतो म्हणजे उजेड करतो. शब्द तोच. तुम्हीही आज दोन्हींतलं एक काहीतरी करणार आहात."

बाई उठल्या. "मी वर जाते. तुमचं नाव मी सांगितलं तर ती चोरी होईल. तुम्ही सांगितलं तर ती दुरुस्ती होईल. बारा वाजेपर्यंत वाट बघेन. त्यानंतर मात्र सांगेन, काका. त्या पोरीला मी जाऊ देणार नाही."

८

बाराला पाच कमी होते. साहेबांपुढे दोन कागद, पेन उघडं. समोर धाकटी, राग अजून जपून ठेवलेला. शेजारी घड्याळ.

"बोला, बाई."

"ज्याला दुधात पाणी आहे अशी खात्री असते, तो दूध सांडत नाही, चारचौघांत दाखवतो. म्हणून गठ्ठा नियोजकांनी नेला नाही. त्यांनाच तो सोडायचा होता. हिनं नेला नाही, कारण हिच्या दहापैकी दहा घरांनी साक्ष दिली. खऱ्या कागदाला कोण लपवतं? मग राहिला असा माणूस, ज्याला उत्तरांशी देणंघेणं नव्हतं, कागदावरच्या एका शब्दाशी होतं."

घड्याळानं स्वतःहून काल केलेली नोंद पुढे सरकवली. "साहेब, बघता, विसांत एक. लावता, विसांत आठ. मी स्वतः विचारलंय." त्यानं नोंदीवर बोट ठेवलं. "माझं चुकलं होतं. लोक ते बघत नाहीत हे खरं. पण ऐकत नाहीत असं मी धरून चाललो होतो."

"शब्द कुणी बदलला?" साहेबांनी विचारलं.

भिंतीवरचा काटा बारावर आला. बाईंनी तोंड उघडलं, आणि दार वाजलं.

काका आत आले. दोन्ही हातांत शंभर कागद, नव्यानं सुतळी बांधलेले. ते त्यांनी साहेबांपुढे नाही, धाकटीपुढे ठेवले.

"तुझे आहेत, बाळ. मोजून घे. एकही कमी नाही. शब्द मी बदलला, गठ्ठाही मी नेला. तुझ्यावर आळ आला तेव्हा मी खाली खुर्चीत बसून होतो. ते सगळ्यात वाईट."

धाकटीनं गठ्ठ्यावर हात ठेवला. काहीतरी कडक बोलायला तिनं तोंड उघडलं, काकांचा चेहरा पाहिला, आणि नुसतं म्हणाली, "काका, माझी चप्पल कुत्र्यानं नेली ना, तेव्हाही मी इतकी रागावले नव्हते." मग डोळे पुसत सुतळी सोडून खरंच कागद मोजायला लागली.

साहेबांनी उघड्या पेनाला टोपण लावलं. दोन्ही कागद फाडले. त्यांना ते जमत होतं. "चारशे घरं पुन्हा," ते म्हणाले. "नवी. प्रश्न 'लावता' असाच. तोवर सांजकथेला हात लावायचा नाही. काका, तुमचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल. सोपं नाही."

"नाहीच सोपं. पण त्याआधी एक प्रूफ राहिलंय तपासायचं."

काकांनी खिशातून निरोपाचं कार्ड काढलं, साहेबांच्या टेबलावर सरळ ठेवलं, हिरवं पेन उघडलं. मधली ओळ त्यांनी ओठ हलवत एकदा वाचली. 'चाळीस वर्षांत एकही चूक नाही.' मग 'ही' खोडला. मग 'नाही' खोडला. पूर्णविराम तसाच ठेवला.

'चाळीस वर्षांत एक चूक.'

"आता छापा," ते म्हणाले. "आता शुद्ध आहे."